साखरबाईचं उत्तर

कळंबच्या धनगरवस्तीत घोंगडी विणणारं एकच घर उरलं होतं, ते गेणूचं. कालव्याचं पाणी आलं, उसानं गायरानं गिळली, तेव्हाच गेणूनं उरलीसुरली मेंढरं विकून टाकली. मुलगा नागेश साखर कारखान्यात कामाला लागला. ओसरीतल्या खड्ड्यातला माग मात्र गेणूनं बुजवू दिला नाही. लोकर यायची ती साखरबाईच्या धाकट्या भावाकडून, मल्हारकडून. त्याच्याजवळ अजून शंभरेक मेंढरं होती. ती लोकर निवडायची, पिंजायची, कातायची साखरबाई. विणायचा गेणू. इंदापूरच्या बाजारात आणि आसपासच्या जत्रांत घोंगडी खपायची, आणि न खपली तर घरात पांघरायला व्हायची.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर सुमित नावाचा एक तरणा माणूस मोटारसायकलवरनं वस्तीवर आला. तो पुण्यातल्या एका संस्थेत होता. खेड्यातल्या कारागिरांचा माल ती संस्था परदेशी पाठवायची. आल्या आल्या त्यानं एक घोंगडं उलगडलं, गालाला लावलं, वास घेतला आणि म्हणाला, "गेणूआबा, असली साठ पाहिजेत. जर्मनीला जायचीत."

"जर्मनीत धनगर हायती?" गेणूनं विचारलं.

"धनगर नाहीत. तिथं काही दुकानं आहेत. दलाल मधे न घेता माल घेतात. रास्त भावाची दुकानं."

गेणू चकित झाला. "तितं बी रेशन हाय व्हय?"

सुमितला ते रेशनचं दुकान नव्हे हे समजावून सांगायला बराच वेळ लागला. रास्त भाव म्हणजे स्वस्त नव्हे, बनवणाऱ्याला परवडेल असा, आणि गिऱ्हाईक तो राजीखुशीनं जास्त देतं, असं तो म्हणाला. मुद्दाम जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक गेणूनं आजवर पाहिलं नव्हतं. पण पोरगं सरळ दिसत होतं. चहा पिऊन झाल्यावर सुमितनं एक गोष्ट आणखी सांगितली. त्या दुकानांत जायचं तर मालाला शिक्का लागतो. रंगात विष नाही, लहान पोरं राबवली नाहीत, कुणावर जबरदस्ती नाही, असं कुणीतरी येऊन तपासून जाणार, मग शिक्का मिळणार.

"तपासू द्या की," गेणू म्हणाला. "आमच्यात लपवायला काय हाय?"

साखरबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला त्या बोलण्यातलं एवढंच कळलं की साठ घोंगड्यांचं सूत कातायचं आहे, आणि ते उन्हाळ्याआधी व्हायला पाहिजे.

तपासणीला बाई आली, पौषात, एका रविवारी. मेघना तिचं नाव. बारामतीचीच मुलगी, वडील शाळामास्तर. तिनं समाजकार्याचं शिक्षण घेतलं होतं, आणि चौकशी करून इंग्रजीत फॉर्म भरायचं काम संस्थेनं तिला दिलं होतं. सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला शबनम, हातात जाडजूड फॉर्म. तिनं माग पाहिला, लोकर पाहिली. ताण्याला लावायची खळ मडक्यात होती, त्यात बोट बुडवून विचारलं, "यात रसायन कुठलं आहे?"

"चिंचोकं," गेणू म्हणाला.

"आणि?"

"आणि पाणी."

"काळा रंग कुठून आणता?"

"मेंढराकडनं," गेणू म्हणाला, आणि आपण काही उलट बोललो की काय, असं त्यालाच वाटलं. "म्हंजे मेंढरू काळंच आसतं, बाई."

मेघना हसली. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग ती म्हणाली, "आता मला मावशींशी एकटीशी बोलायचंय. पुरुषांनी जरा बाहेर थांबावं, असा नियम आहे."

आपल्याच घरातून आपल्याला बाहेर जायला सांगितलंय, हे ध्यानात यायला गेणूला क्षणभर वेळ लागला. मग त्यानं पटका डोक्यावर ठेवला आणि तो समोरच्या बाभळीखाली जाऊन उकिडवा बसला. साखरबाईला अवघडल्यासारखं झालं. परक्या बाईशी दार लोटून बोलायचं म्हणजे काय बोलायचं? बाळंतपणाचं असतं असलं बोलणं. तिनं आपला चरखा पुढं ओढला, म्हणजे हातांना तरी काम.

"मावशी, दिवसाकाठी किती तास काम करता?"

साखरबाई विचारात पडली. "कुटलं काम?"

"हे. सूतकताई."

"हे व्हय. बसलं की कातायचं."

"आणि विश्रांती कधी घेता?"

"हीच की. भाकरी झाल्या, धुनं झालं, शेण काढलं, की इसावा म्हणून हितं बसायचं."

मेघनाची लेखणी थांबली. तिनं फॉर्मवर एका जागी काहीतरी लिहिलं, खोडलं, दुसऱ्या जागी लिहिलं. "म्हणजे कातणं हे तुमचं काम आहे की विश्रांती?"

"तुमीच बगा," साखरबाई म्हणाली. तिला खरोखरच सांगता येईना.

आणखी पुष्कळ प्रश्न झाले. मारहाण होते का, दवाखान्यात नेतात का, पाणी कुठलं पिता. मग मेघनानं पान उलटलं आणि विचारलं, "समजा, तुम्हाला हे काम सोडावंसं वाटलं. तर सोडता येईल का?"

साखरबाईचा चरखा थांबला. तेरा वर्षांची असताना ती या घरात आली, आणि आल्याच्या चौथ्या दिवशी सासूनं तिच्यापुढं लोकर टाकली होती. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात तिला कुणी भूक लागली का विचारलं होतं, दमलीस का विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "आता सोडून जाऊ कुठं, बाई?"

मेघनाही हसली आणि तिनं लिहून घेतलं.

फाल्गुनात सुमित पुन्हा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. छत्तीस घोंगडी घड्या घालून माळ्यावर तयार होती. तो त्यांच्याकडं न बघताच बाजेवर बसला आणि त्यानं खिशातून एक कागद काढला.

"आबा, शिक्का अडलाय."

"का? चिंचोकं चालत न्हाईत?"

"चिंचोके चालतात. सगळं चालतं. पण मावशींच्या एका उत्तरावर त्यांनी बोट ठेवलंय." त्यानं साखरबाईकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. "त्यांना वाटतंय, मावशींवर इथं जबरदस्ती आहे. म्हणजे, वेठबिगारीसारखं."

सून रोहिणी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"कुणावर?" गेणूनं विचारलं.

सुमितनं समजावून सांगितलं. काम सोडता येईल का, या प्रश्नाला मावशी म्हणाल्या, सोडून जाऊ कुठं. मेघनाबाईनं ते वाक्य इमानेइतबारे, शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरवलं. तिकडं जर्मनीत ते वाचणाऱ्यानं त्याचा अर्थ असा लावला की या बाईला काम सोडायचं आहे, पण तिला जायला जागा नाही, म्हणून ती अडकून पडली आहे. आता त्यांनी फेरतपासणी सांगितली आहे. वैशाखात मेघनाबाई पुन्हा येईल. तोवर माल उचलायचा नाही.

"काही अवघड नाही, मावशी," सुमित उठता उठता म्हणाला. "ह्या खेपेला फक्त 'हो, सोडता येईल' म्हणा. खरंच आहे ना ते?"

साखरबाईनं मान हलवली. पण ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

रोहिणीनं भाकरी वाढल्या तेव्हा गेणू बराच वेळ ताटाकडं बघत बसला. तो रागीट माणूस नव्हता. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. "तू तसं का म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"सारीच म्हंत्यात की तसं. तुमी न्हाय म्हणत? सोडून जाऊ कुठं, हितंच ऱ्हायाचं हाय, आसं?"

"म्हंतो की."

"मग?"

"मग काय, त्येच मला कळंना," गेणू म्हणाला. "बोललीस त्यात वावगं काय न्हाय, आन् त्यांनी समजून घेतलं त्यातबी वावगं काय न्हाय. मग चुकलं कुणाचं?"

गावात गोष्ट पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. पारावरची माणसं गेणूला विचारू लागली, "आबा, वैनीची साखळी सोडली का न्हाय अजून?" गेणू हसून साजरं करायचा, पण घरी आल्यावर तो मागावर बसायचा नाही. कधी नव्हे ते त्यानं साखरबाईला विचारलं, पाणी देऊ का. ती घाबरलीच.

मग त्यानं शिकवणी सुरू केली. "म्हण, सोडता येतं."

"सोडता येतं."

"आसं न्हाय. घोकल्यावानी वाटतंय. मनापासनं म्हण."

"मनापासनं कसं म्हणू? मला ठाव न्हाय ते."

"काय ठाव न्हाय?"

"सोडता येतंय का न्हाय ते."

रोहिणी भांडी घासता घासता म्हणाली, "आत्याबाई, तोंडानं म्हणायला काय जातंय? येतं म्हणायचं आन् मोकळं व्हायचं."

"तुला येईल?" साखरबाईनं तिला विचारलं. "तुला घर सोडता येईल?"

रोहिणी भांडं घासतच राहिली. ते कधीच लख्ख झालं होतं.

त्या प्रश्नानं साखरबाईचा पिच्छा धरला. कातताना तो यायचा, पाण्याला जाताना यायचा. आधी तिला वाटलं, येतं की, कुणी बांधून थोडंच ठेवलंय? लगेच वाटायचं, मग चाळीस वर्षांत एकदाही का नाही सोडलं? सोडावंसं वाटलं नाही म्हणून. पण सोडावंसं वाटलं नाही, की वाटायला सवडच झाली नाही? बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या तेव्हा ती कधीतरी म्हणायचीच, मरो ते सूत. ते म्हणणं म्हणजे सोडावंसं वाटणं का? एक गाठ सोडवावी तर दुसरीच आवळली जायची. असल्या गुंत्याची तिला सवय नव्हती. लोकरीच्या गुंत्याचं टोक निदान हाताला लागतं.

चैत्राच्या सुरुवातीला, एका सकाळी तिनं चार भाकऱ्या फडक्यात बांधल्या, एक लुगडं पिशवीत घातलं, आणि चरखा उचलून माळ्यावर घोंगड्यांच्या शेजारी ठेवला.

"कुठं निघालीस?" गेणूनं विचारलं.

"पणदऱ्याला. मल्हारकडं. मेंढरं तितं बसवल्याती म्हणं."

"कशाला?"

"बघाया."

"काय बघाया?"

"सोडता येतंय का," साखरबाई म्हणाली. आपण हे मोठ्यानं बोललो याचं तिलाच नवल वाटलं. गेणूला आधी ती थट्टा वाटली. मग ती उंबरा ओलांडून गेली, वळून बघितलं नाही, तेव्हा तो उठून उभा राहिला. पण तिला थांब म्हणायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना. थांब म्हणावं तर ती जबरदस्ती होते, आणि जाऊ द्यावं तर साठ घोंगड्यांचं काय? तो तसाच उभा असताना एस.टी.चा भोंगा वाजला.

बारामतीला गाडी बदलून ती उन्हं कलायच्या आत पणदऱ्याला पोचली. तोडणी झालेल्या एका उसाच्या रानात मल्हारची मेंढरं बसवलेली होती. रानाच्या मालकाला खत मिळायचं, मल्हारला धान्य. बहिणीला एकटीला बांधावरनं येताना बघून मल्हार धावतच आला.

"आक्का! भांडून आलीस?"

"न्हाय."

"मग दाजी आजारी हायती?"

"धडधाकट हायती."

"मग आलीस कशाला?"

साखरबाईनं त्याला पहिल्यापासून सांगितलं. सुमित, जर्मनी, शिक्का, मेघना, प्रश्न. मल्हारनं सगळं ऐकलं आणि डोकं खाजवलं. "म्हंजे जर्मनीच्या लोकांनी तुला माहेरी धाडलं?" तो म्हणाला.

त्याची बायको ठमाबाई मात्र काही विचारत बसली नाही. तिनं नणंदेला गूळ-पाणी दिलं आणि पालाच्या सावलीत वाकळ अंथरली.

पहिले दोन दिवस साखरबाई नुसती झोपली. इतकी झोप आपल्यात साठलेली होती हे तिला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून ती मेंढरांमागं हिंडू लागली. ठमाबाई चालता चालता टकळीवर कातायची. तिनं सवयीनं लोकरीचा पेळू साखरबाईपुढं केला. साखरबाईचा हात पुढं झाला आणि मागं आला.

"नगं. सोडलंय म्या."

"कायमचं?"

"ठाव न्हाय."

रिकामे हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना. कधी ते पाठीमागं बांधायची, कधी पदरात गुंडाळायची, कधी एखादं कोकरू उचलून घ्यायची. चार-पाच दिवसांनी मात्र ते हात आपले आपणच खाली सुटे लोंबू लागले. पेरांच्या भेगा बुजल्या. पाटाच्या कडेला बसून ती पाण्याकडं बघायची, आणि आपण बसलोय, पण काही करत नाही, हे उशिरानं तिच्या लक्षात यायचं. तिला बरं वाटायचं. आणि बरं वाटतंय म्हणून धास्ती वाटायची. म्हणजे आपल्याला खरंच सोडायचं होतं? जर्मनीच्या लोकांना ते हजारो कोसांवरनं कळलं आणि आपल्याला कळलं नाही?

पण मेंढरांच्या पाठीवरनं हात फिरवताना ती हटकून थबकायची. ही लोकर लांब धाग्याची, हिचं सूत तुटणार नाही. त्या भुऱ्या कोकराचं जावळ अजून कातरलं नाही, त्याचं घोंगडं लोण्यासारखं होईल. काठाला तो भुरा पट्टा किती शोभेल. असं मनात आलं की ती स्वतःवरच चिडायची. सोडलंय ना? मग सूत कुठून येतंय मधे?

आठवड्यानं मेंढरं कोऱ्हाळ्याला हलली. साखरबाईही चालत गेली. तिथं पाचव्या दिवशी, दुपारच्या उन्हात, बांधावर पटका दिसला. गेणू होता. आधी तो पणदऱ्यात शोधत फिरला होता, मग वाटेवरच्या माणसांना विचारत विचारत इथवर आला होता. पायताणं धुळीनं पांढरी झाली होती.

मल्हारनं दाजींना पाणी दिलं आणि मेंढरं वळवायचं निमित्त करून ठमाबाईला घेऊन तो लांब गेला. बाभळीच्या विरळ सावलीत नवराबायको दोन हातांच्या अंतरावर बसले.

"बरी हायीस?" गेणूनं विचारलं.

"बरी हाय. तुमी जेवता का येळंवर?"

"जेवतो." तो थोडा वेळ पायताणावरची धूळ झटकत राहिला. "सूत संपलं. रोहिणीनं दोन दिस कातलं, पर ते जाडंभरडं, ताण्याला टिकंना. म्हणून मग मीच बसलो चरख्यावर."

"तुमी?"

"तर काय करू? दोन दिसांत मुठीएवढं निघालं. तेबी गाठीचं. नागेश म्हणाला, आबा, ही गोफण वळलीया का?"

साखरबाईला हसू आलं. तिनं ते आवरलं नाही. गेणूही हसला.

"एक इचारू?" साखरबाई म्हणाली. "तुमाला सोडता येईल का, माग?"

लांबवर मल्हार मेंढरांना हाळी देत होता. "मला त्या बाईनं इचारलंच न्हाय," गेणू म्हणाला. "मला म्हणाली, बाहेर बसा."

"मी इचारते की."

"बा मेला तवा मी मागावर बसलो. तेरवं झालं आन् बसलो. सोडायचं आसतंय हे मनातच आलं न्हाय कदी." त्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर घेतला. "तुला हितं कसं वाटतंय, खरं सांग. बरं वाटतंय?"

"वाटतंय."

"मग ऱ्हातीस हितं?"

"ते कळंना मला," साखरबाई म्हणाली. "बरं बी वाटतंय, आन् सूत बी दिसतंय डोळ्यांपुढं. दोन्ही खरं आसलं तर काय म्हणायचं आसतंय?"

उन्हं कलली. गेणू उठला, "चल," असं म्हणायला गेला आणि मधेच अडखळला. मग घसा खाकरून म्हणाला, "येतीस का?"

चाळीस वर्षांत त्यानं या शब्दाच्या शेवटी 'का' लावला नव्हता. साखरबाईला ते ऐकून आनंद झाला, आणि जरा परकंही वाटलं, पाहुण्यानं बोलल्यासारखं.

"आज न्हाय. मेंढरं सोमवारी हलणार हायती. तवर थांबते."

"बरं," गेणू म्हणाला, आणि आला तसा पायवाटेनं एकटाच निघून गेला.

सोमवारी मेंढरं हलली, आणि साखरबाई एस.टी.त बसली. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, गेणूनंही विचारलं नाही. चरखा माळ्यावरून खाली आलेला होताच. तिनं गेणूनं कातलेलं गाठीचं सूत उलटंपालटं करून पाहिलं, बाजूला ठेवलं, आणि नवा पेळू घेतला.

वैशाखात मेघना आली. सुमित बरोबर होता. गेणू न सांगताच उठून बाभळीखाली गेला. सुमित जाता जाता साखरबाईला खुणेनं 'हो, हो' असं सांगून गेला. मेघनाचा चेहरा ओशाळलेला होता.

"मावशी, चूक माझी आहे. तुमच्या बोलण्यातले शब्द नव्हे, अर्थ लिहायला हवा होता. आता नीट सांगा. हे काम सोडता येईल का तुम्हाला?"

"येतं," साखरबाई म्हणाली. "सोडलं हुतं."

मेघनाची मान वर झाली. "म्हणजे?"

"मेंढरांत गेले हुते, भावाकडं. पंधरावडा झाला, वर चार दिस. एक धागा कातला न्हाय."

"मग?"

"मग आले."

मेघना सावरून बसली. तिच्या कपाळावर आठी पडली. "थांबा. तुम्हाला न्यायला कुणी आलं होतं का?"

"ह्ये आले हुते."

"आणि तुम्ही त्यांच्याबरोबर आलात?"

"न्हाय. त्ये एकटं परत गेलं. मी आपली मागनं आले, एस.टी.नं."

मेघनानं सुटकेचा श्वास सोडला. फॉर्मवर दोन चौकटी होत्या, एक 'होय'ची आणि एक 'नाही'ची. तिनं 'होय'च्या चौकटीत फुली केली.

"त्याच्या खाली लिव्हा, परत आले म्हणून," साखरबाई म्हणाली. "न्हायतर त्यांना वाटायचं, बाई गेली ती गेलीच."

मेघनानं तेही लिहिलं, आणि लिहिता लिहिता विचारलं, "का परत आलात?"

"हे बी हाय का फॉर्मात?"

"नाही. मीच विचारतेय."

"मग बरं झालं," साखरबाई म्हणाली. "त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय. गाडीत बसले तवा वाटलं, घरी चाललोय. बारामतीच्या स्टँडवर वाटलं, पोरांसाठी चाललोय. भवानीनगरला वाटलं, माझ्याशिवाय त्यांचं अडलं म्हणून चाललोय. तवर कळंब आलं."

मेघनानं लेखणीला टोपण लावलं. "मला तर हे फॉर्मचं काम सोडता येईल का, तेही सांगता येणार नाही," ती हळूच म्हणाली, आणि दोघी हसल्या.

शिक्का आला. आषाढ लागायच्या आत साठ घोंगडी एका टेम्पोतनं पुण्याला गेली आणि तिथनं पुढं मुंबईच्या बंदरावर. प्रत्येक घोंगड्याला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. त्यावर मागावर बसलेल्या गेणूचा फोटो होता आणि खाली जर्मन भाषेतले चार शब्द. सुमितनं ते वाचून दाखवले. विणकर, गेणू, कळंब, भारत.

"आन् सूत?" साखरबाईनं विचारलं.

"सूत लोकरीचं, असं मागं लिहिलंय," सुमित म्हणाला.

"मेंढराचं नाव हाय म्हणायचं," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. जिच्या एका वाक्यावर एवढा कारभार अडला, ती चिठ्ठीवर कुठंच कशी नाही, याचा तिला मेळ लागत नव्हता. सुमितलाही लागला नाही. पुढच्या वेळी तुमचंही नाव घालू, असं तो म्हणाला.

पुढची वेळ आली नाही. दुसऱ्या वर्षी त्या दुकानांनी निळी आणि गुलाबी घोंगडी मागितली. गेणू म्हणाला, मेंढरू निळं आसत न्हाय. रंग द्यायचा तर तो रंग विषारी नाही याचा वेगळा दाखला पाहिजे, आणि तो दाखला मिळवायचा खर्च घोंगड्यांना झेपणारा नव्हता. पुढं ती संस्थाच ज्यूटच्या पिशव्यांकडं वळली. मेघनाला पुण्यात दुसरी नोकरी लागल्याचं सुमितनं एकदा पत्रानं कळवलं. गेणूची घोंगडी पहिल्यासारखी इंदापूरच्या बाजारात जाऊ लागली. तिथं काम करणाऱ्यावर जबरदस्ती आहे का, असं कुणी विचारत नाही. घोंगडं ऊबदार आहे का, एवढंच विचारतात.

साखरबाई मात्र दरवर्षी चैत्रात मल्हारच्या मेंढरांत जायला लागली. चार भाकऱ्या, एक लुगडं, रिकामे हात. गावातल्या बायका विचारायच्या, आत्या, काय निमित्त? ती म्हणायची, निमित्त न्हाय. कितीदा तरी तिनं मनाशी ठरवून पाहिलं, की हे आपण त्या फॉर्ममुळं करतो की एरवीही केलं असतं. कधी एक वाटायचं, कधी दुसरं.

ती नसताना गेणू चरख्यावर बसायचा. तिसऱ्या वर्षी त्याच्या सुतातल्या गाठी कमी झाल्या. त्या सगळ्या सुताचं त्यानं एक घोंगडं विणलं. ते एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद झालं, आणि बाजारात त्याला कुणी हात लावला नाही. साखरबाई परत आली तेव्हा ते बाजेवर अंथरलेलं होतं. तिनं त्यावर बसून पाहिलं. टोचत होतं.

"कसं झालंय?" गेणूनं विचारलं.

"कुणी कातलंय?"

"मी."

"आन् इणलंय?"

"ते बी मीच."

साखरबाईनं काठ बोटांनी चाचपला. "कातलंय बरं," ती म्हणाली. "इणताना घाई केलीया."